धर्मतत्त्वज्ञानाचा आरंभ : ॲन्सेल्मपासून की उदयनाचार्यांपासून?

धर्मतत्त्वज्ञान नव्याने वाचू पाहणाऱ्यासमोर साधारणतः दोन वाटा असतात. एक पाश्चात्त्य पाठ्यक्रमाची, जी मध्ययुगीन ख्रिस्ती विचारवंत ॲन्सेल्म यांच्या सत्तामूलक युक्तिवादापासून (ईश्वराच्या संकल्पनेवरूनच त्याचे अस्तित्व सिद्ध करू पाहणाऱ्या युक्तिवादापासून) निघून ह्यूम आणि कांट या तत्त्वज्ञांपर्यंत येते. दुसरी न्याय, बौद्ध, जैन व मीमांसक यांच्यातील ईश्वरविषयक वादाची, जिच्या केंद्रस्थानी न्यायदर्शनाचे उदयनाचार्य यांचा ईश्वरसिद्धीवरील ग्रंथ 'न्यायकुसुमांजली' आहे. वडोदऱ्यातील आमच्या लहानशा वाचनमंडळाने दोन्ही वाटा चालून पाहिल्या, पहिली आधी.

पहिल्या वाटेची आखणी स्वच्छ आहे. युक्तिवाद, आक्षेप आणि उत्तर असा क्रम असल्यामुळे एकट्याने वाचणाराही सहसा भरकटत नाही, आणि परीक्षेची तयारी करणाऱ्याला मी हीच वाट सुचवीन.

मला मात्र एक गोष्ट सतत खटकत राहिली. जवळजवळ प्रत्येक प्रकरणात सर्वज्ञ, सर्वशक्तिमान, परममंगल आणि शून्यातून जग निर्माण करणारा एकच ईश्वर गृहीत धरलेला असतो, मग युक्तिवाद त्याच्या बाजूचा असो वा विरोधातला. आमच्याकडे दांडिया बाजारातले एक जैन गृहस्थ येत. तिसऱ्या बैठकीत त्यांनी विचारले, "जगाचा कर्ता न मानणारा आमचा धर्म यात कोणत्या प्रकरणात येतो?" आम्ही अनुक्रमणिका चाळली, निरीश्वरवादाच्या प्रकरणाखेरीज त्यांना दाखवायला जागा नव्हती. तीर्थंकरांची नित्य पूजा करणाऱ्या माणसाला तिथे बसवणे मला पटले नाही, आणि वेद प्रमाण मानूनही जगत्कर्ता नाकारणाऱ्या मीमांसक कुमारिल भट्टांना तर तिथेही जागा सापडेना.

दुसऱ्या वाटेवर हाच प्रश्न आरंभी येतो. पृथ्वी हे कार्य आहे, म्हणून घटाला कुंभार असतो तसा तिलाही कर्ता असला पाहिजे, असे नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचा अनुयायी, म्हणतो. आठव्या शतकातील बौद्ध आचार्य शांतरक्षित 'तत्त्वसंग्रहा'त त्यावर आक्षेप घेतात की, प्रासाद आणि गोपुरे अनेकांच्या हातून घडतात, मग कर्ता एकच कशावरून? (हा ग्रंथ १९२६ मध्ये आमच्याच शहरातून, 'गायकवाड ओरिएंटल सिरीज'मध्ये प्रसिद्ध झाला.) ह्यूमच्या १७७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संवादांतही घर बांधायला अनेक माणसे लागतात, हाच आक्षेप आहे. विशेष म्हणजे परमभक्त रामानुजाचार्यही 'श्रीभाष्या'त कार्यावरून कर्ता सिद्ध करणारे नैयायिकाचे हे अनुमान नाकारतात, कारण त्यांच्या मते ईश्वर केवळ शास्त्रातूनच कळतो. ईश्वराच्या बाजूचा पुरावा एक भक्तच इतक्या कठोरपणे तपासतो, हे मी प्रथम तिथे पाहिले.

व्याप्ती (हेतू आणि साध्य यांचा अटळ संबंध) आणि हेत्वाभास (सदोष हेतू) समजून घेण्यातच आमचे दोन महिने गेले. संस्कृतचा मुळीच परिचय नसलेल्याला कदाचित अधिक लागतील. तरीही वेळ हाताशी असेल, तर आरंभ इथून करावा आणि ॲन्सेल्म नंतर वाचावा, असे मी नम्रपणे सुचवीन. सध्या आम्ही मल्लिषेण या जैन आचार्यांची १२९२ मधील 'स्याद्वादमंजरी' वाचत आहोत. जगत्कर्त्याच्या खंडनाचा श्लोक त्या जैन गृहस्थांनीच आम्हाला लावून दिला.