दांडिया बाजारातला दवाखाना की ई-संजीवनी?

मामींच्या फॅमिली डॉक्टरांनी वयोमानाने दवाखाना बंद केला. "आता कुणाला दाखवायचं रे?" असं त्या रोज विचारतात. दांडिया बाजारातला नवा दवाखाना, की सरकारची ई-संजीवनी, म्हणजे मोबाइलवरून डॉक्टरांना दाखवायची सोय?

पैशाच्या बाबतीत ई-संजीवनी सरस. २०२० पासून व्हिडिओवर डॉक्टर फुकट भेटतात, औषधाची चिठ्ठी मोबाइलवर येते.

वेळेचं म्हणाल, तर गेल्या महिन्यात मामी गुडघा धरून दवाखान्याच्या पायरीवर दीड तास बसल्या. आत जेमतेम तीन मिनिटं. मला अजून राग येतो.

पण तपासणीत मोबाइल कमी पडतो. पायाची सूज बोटाने दाबून खड्डा पडतो का, छातीत घरघर आहे का, हे हात लावल्याशिवाय कसं कळणार? शिवाय मॉर्फीनसारखी औषधं फोनवरून लिहून देता येत नाहीत. दर वेळी डॉक्टरही नवा, म्हणजे सगळी कहाणी पहिल्यापासून सांगा.

सर्दी, पुरळ, रिपोर्ट दाखवणं, नेहमीच्या गोळ्या: ई-संजीवनी. मामींसारखा बीपी-साखरेचा जुना पेशंट असेल, तर रांग सोसून दवाखानाच धरा. छातीत दुखलं तर दोन्ही सोडा, १०८ लावा.