सोलापुरात एकच इंग्रजी पेपर लावायचा तर कुठला?

"मामा, घरी एक इंग्रजी पेपर लावायचाय. क्लासचे सर म्हणतात हिंदू, मैत्रिणी म्हणतात एक्स्प्रेस, आणि बाबा म्हणतात टाइम्स लाव, स्वस्त पडतो."

भाची जुळे सोलापुरात राहते. राज्यसेवेची तयारी सुरू केली आहे, जमलं तर यूपीएससीही द्यायची म्हणते. दाजींची मंद्रूपकडं कांद्याची शेती आहे आणि पेपरचं बिल तेच भरणार. मी बावीस वर्षं इथल्या एका दैनिकात पानं लावली, म्हणजे कुठली बातमी पानावर कुठं बसवायची ते ठरवलं. त्यामुळं पेपरसंबंधीचा घरातला कुठलाही प्रश्न शेवटी माझ्याकडं येतो, रद्दीच्या भावाचासुद्धा.

फोनवर उत्तर दिलं नाही. रविवार सोडून कुठल्याही दिवशी ये म्हटलं, कारण रविवारचा पेपर म्हणजे लग्नातला फोटो, सगळेच बरे दिसतात. ती बुधवारी आली, दाजीही सोबत आले. मी सकाळी स्टेशनवरच्या स्टॉलवरून तिन्ही पेपर आणले होते. हॉलमध्ये सतरंजी टाकली आणि तिघांची पहिली पानं शेजारी शेजारी मांडायला सांगितली.

ती टाइम्सपाशीच अडली. "पहिलं पान कुठंय ओ?"

वर नाव होतं, नावाच्या मधोमध दोन हत्तींचं चिन्ह होतं, पण खाली बातमी एकही नाही. अख्ख्या पानभर बिल्डरची जाहिरात. उलटलं तर तसंच दुसरं पान. आमच्या धंद्यात याला जॅकेट म्हणतात. खरं पहिलं पान जॅकेट काढल्यावर आत सापडलं. यात नाक मुरडण्यासारखं काही नाही, तो त्या पेपरचा पिंडच आहे. १८३८ साली मुंबईत निघाला तेव्हा त्याच्या नावातच व्यापार होता, 'बॉम्बे टाइम्स अँड जर्नल ऑफ कॉमर्स'. टाइम्स ऑफ इंडिया हे नाव १८६१ मध्ये आलं. १९९४ मध्ये यांनी दिल्लीत पेपरची किंमत पाडली आणि बाकीच्यांच्या तोंडचं पाणी पळालं. गणित सोपं आहे, किंमत पाडून वाचक गोळा करायचे आणि वाचक दाखवून जाहिराती घ्यायच्या. दाजींना जो पेपर स्वस्त पडतो, त्याचे उरलेले पैसे तो बिल्डर भरतो.

मग पानावरही सगळं तसंच येतं. बातम्या आखूड, चौकटी भरपूर, आकडे रंगीत, मथळ्यात शब्दांची कोटी. पान लावणारा म्हणून मला हे पान आवडतं. घाईतल्या माणसाची नजर कुठं पडेल याचा इतका विचार दुसरं कुणी करत नाही. लोकलमध्ये एका हातानं कडी धरून दुसऱ्या हातानं चाळायचा हा पेपर आहे. भाचीनं एक मथळा मोठ्यानं वाचला. त्यात 'एससी' होतं. तिनं अर्थ लावला अनुसूचित जाती, आणि पुढची दोन वाक्यं तिला काही लागेचना. ते होतं सुप्रीम कोर्ट. टाइम्सच्या मथळ्यात सरकारचं 'गव्ह' होतं, काँग्रेसचं 'काँग', अधिकारी 'बाबू' होतात आणि पुढारी 'नेता'. महानगरात इंग्रजी माध्यमातून शिकलेल्याला ही भाषा घरची वाटते. मराठी माध्यमातून आलेल्या पोरीला आधी कोडं सोडवावं लागतं, मग बातमी.

दुसरी अडचण सोलापूरची. टाइम्समधली शहराची पानं असतात पुण्याची. कोथरूडचा पूल, हिंजवडीची वाहतूक, मेट्रोचा पुढचा टप्पा. ज्यांची पोरं हिंजवडीत नोकरीला आहेत त्यांनी जरूर घ्यावा, आणि तशी घरं आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत. सोबत येणारी नटनट्यांची रंगीत पुरवणी उघडाल तर नावाखाली बारीक टायपात काय लिहिलंय तेही वाचा. ही मनोरंजनाची आणि जाहिरातीची पुरवणी आहे असं त्यांनी स्वतःच छापलेलं असतं. इतका बारीक टाइप मी आयुष्यात फक्त जाहीर नोटिशीला वापरला.

हिंदूचं पान मांडल्यावर भाची म्हणाली, "हे बघून शाळेतले हेडसर आठवतात." बरोबर आहे. १८७८ साली मद्रासमध्ये कायद्याचे चार विद्यार्थी आणि दोन शिक्षक अशा सहा जणांनी पावणेदोन रुपये उसने घेऊन पहिल्या अंकाच्या ८० प्रती काढल्या होत्या. न्यायमूर्ती म्हणून एका भारतीयाची नेमणूक झाली आणि इंग्रजांच्या पेपरांनी त्यावर टीका केली, त्याला उत्तर द्यायला. वकील आणि मास्तर हा त्या पेपरचा गाभा आजही सुटलेला नाही. २००५ मध्ये मारिओ गार्सिया या नावाजलेल्या डिझायनरकडून त्यांनी पान नव्यानं बांधून घेतलं. हवा खेळती झाली, पण आवाज चढला नाही. मथळा सरळ वाक्यासारखा, काय झालं ते सांगणारा.

भाषेतली एक गोष्ट मी तिला बोट ठेवून दाखवली. बातमीत माणसाचं नाव दुसऱ्यांदा आलं की हिंदू त्याच्यामागं 'मिस्टर' किंवा 'मिज' लावतो. पंतप्रधान असो की विरोधी पक्षनेता. बाकीचे दोघं नुसतं आडनाव घेतात. आपल्या मराठीत 'ते म्हणाले' मध्ये आदर आपसूक येतो, इंग्रजीत तो मुद्दाम लावावा लागतो आणि जागा खातो. एका कॉलमच्या बातमीत असे चार 'मिस्टर' म्हणजे अर्धी ओळ गेली. तरी लावतात. कुठला पेपर कशावर जागा खर्च करतो ते बघत गेलं की त्याचा स्वभाव कळतो.

क्लासचे सर हिंदू का सांगतात तेही उघड आहे. सरकारी अहवाल, न्यायालयाचे निकाल, परराष्ट्र व्यवहार, विज्ञान, सगळं सविस्तर. 'टेक्स्ट अँड कॉन्टेक्स्ट' नावाचं पान तर परीक्षार्थी कापूनच ठेवतात. पण पुण्या-मुंबईचे लोक हिंदूवर एक आक्षेप हमखास घेतात, की त्यात दक्षिणेचंच फार असतं. सोलापूरकरानं हा आक्षेप जसाच्या तसा उचलू नये. विजयपूर आपल्यापासून शंभरेक किलोमीटर, पुणे अडीचशे. उजनीतून सोडलेलं पाणी भीमेनं कर्नाटकात जातं. शहराच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की कन्नड कानावर पडतं. कृष्णा खोऱ्याच्या पाण्याची कर्नाटक आणि तेलंगणातली बाजू जो पेपर रोज देतो, तो कोथरूडच्या पुलापेक्षा आपल्या जास्त जवळचा.

तरी हिंदूला मी पहिला नंबर दिला नाही. त्यात मीठ आणि पीठ एकाच आवाजात सांगतात. कुठली बातमी सोडायची हे ज्याला आधीच कळतं, त्याच्यासाठी तो उत्तम. नवख्या माणसाचे तीन तास जातात आणि चौथ्या आठवड्यात पेपर घडी न मोडता टीपॉयखाली जायला लागतात. तिघांत महागही तोच.

इंडियन एक्स्प्रेस अंगानं किडकिडीत. जाहिराती कमी, त्यामुळं पानं कमी. पहिलं पान मात्र खच्चून भरलेलं. बायलाइनच्या, म्हणजे बातमीदाराच्या नावानिशी छापलेल्या मोठ्या बातम्या, कागदपत्रं खणून काढलेल्या. २०१६ च्या पनामा पेपर्सच्या, म्हणजे परदेशी कंपन्यांत दडवलेल्या पैशांच्या फुटलेल्या कागदपत्रांच्या शोधात भारतातून हाच पेपर होता. आणीबाणी लागली तेव्हा २८ जून १९७५ च्या अंकात यांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. आम्हा पानं लावणाऱ्यांना ती कोरी चौकट म्हणजे देवघर आहे, कारण पानावर काहीच न छापता सगळं सांगता येतं हे तिथं दिसतं.

एक्स्प्रेसचा वाचक दिल्लीतला अधिकारी, वकील, प्राध्यापक आणि दुसऱ्या पेपरांतले पत्रकार. शेवटचे तर फार. त्यामुळं कुणाचं कुणाशी बिनसलं, कुठली फाइल कुठं अडली, ही दिल्लीची कुजबुज जरा जास्तच असते. पानाचा दोष म्हणाल तर बातम्या तोडून आत नेतात. पहिल्या पानावर तीन परिच्छेद, उरलेलं आत कुठंतरी. आजोबांना हा पेपर देऊ नका, शोधत बसतील.

पण 'एक्स्प्लेन्ड' हे पान एकट्यानं बिल वसूल करतं. काल काय झालं ते बाजूला ठेवून, ते का झालं, आधी काय नियम होता, आता काय बदलेल, असे प्रश्न पाडून उत्तरं देतात. वाक्यं हिंदूपेक्षा आखूड, टाइम्सपेक्षा पूर्ण.

दाजी इतका वेळ गप्प होते. म्हणाले, "ते राहू दे. कांद्याचं कोण छापतं सांग."

प्रश्न रास्त होता. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली होती, ती उठली ४ मे २०२४ ला, तीही किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. असली बातमी कुणाच्या पानात कशी बसते? टाइम्समध्ये कांदा भाजीवाल्याकडून निघून स्वयंपाकघरात जातो, किलोला किती, ग्राहकाला दिलासा कधी. हिंदूमध्ये अधिसूचना, मंत्रालयाचं म्हणणं आणि विरोधकांचं म्हणणं, तिन्ही क्रमानं. एक्स्प्रेसमध्ये लागवड किती झाली, साठवणुकीचा कांदा कधी संपतो आणि सरकारनं आताच का हात घातला, हे सापडायची शक्यता जास्त. तिथं शेतीच्या अर्थकारणावर हरीश दामोदरन लिहितात. उसाचा दर असो, खत असो की दूध, त्यांचा लेख आला की आकड्यांचा तक्ता पाहून घ्यावा. दाजी इंग्रजी वाचत नाहीत, पण तक्ता त्यांनी बरोबर वाचला.

मात्र आज सिद्धेश्वर मार्केट यार्डात क्विंटलला काय निघालं, हे तिघांतला एकही सांगणार नाही. त्याला आपला मराठी पेपरच लागतो. नळाला पाणी चौथ्या दिवशी येणार की पाचव्या, कोण गेलं, तिसरा कधी, कुणाच्या प्लॉटची जाहीर नोटीस आली. म्हणून सोलापूरचा पेपर बंद करून इंग्रजी लावण्याचा विचार असेल तर तो आजच सोडा. रंगाअण्णा वैद्यांनी उभा केलेला 'संचार' असो नाहीतर बाहेरच्या मोठ्या दैनिकांच्या सोलापूर आवृत्त्या, घरात त्यातला एक हवाच. कुठला, ते तुमची आजी ठरवेल, आणि ती निधनवार्तेचं पान बघून ठरवेल.

परीक्षेसाठी आणखी एक मराठी गोष्ट. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे गोल काळे करून भागत नाही, पानं लिहावी लागतात. मराठीतून लिहिणार असाल तर एक्स्प्रेस वाचून इंग्रजीतला मुद्दा कळेल, पण 'वित्तीय तूट' हा शब्द ऐनवेळी हाताशी येणार नाही. त्यासाठी लोकसत्ताचं संपादकीय पान. तो एक्स्प्रेसच्याच घरातला, १९४८ चा. भाषा कधी कधी मुद्दाम अवघड करतात असं माझं मत आहे, पण शब्दसाठा वाढतो. तो घरी लावायची गरज नाही, हिराचंद नेमचंद वाचनालयात बसून अर्ध्या तासात होतो.

ई-पेपरचं विचाराल तर, मोबाइलवर पान दिसतं पण पानाचा आकार कळत नाही. मोठी बातमी आणि छोटी बातमी बोटानं ताणली की सारखीच होते. शिकणाऱ्यानं निदान पहिलं वर्ष कागदावर काढावं.

आणखी एक सांगायचं राहिलं. हे तिन्ही पेपर सोलापुरात छापत नाहीत. बाहेरून येतात म्हणजे लवकर बंद केलेली डाक आवृत्ती येते. मी डाकेची पानं सोडायचो तेव्हा क्रिकेटचा सामना अर्धाच झालेला असायचा आणि आम्ही 'शेवटचे वृत्त हाती आले तेव्हा' असं लिहून मोकळे व्हायचो. रात्री उशिराचा निकाल सकाळी पेपरात नाही म्हणून पेपरवाल्याशी भांडू नका.

भाचीला मी एक्स्प्रेस लावायला सांगितलं, सहा महिने. त्यानंतर काय सोडायचं ते कळायला लागलं की हिंदूवर जा. इंग्रजी चांगलं असेल आणि परराष्ट्र धोरण, विज्ञान यांची मुळात आवड असेल तर पहिल्या दिवसापासून हिंदू घ्या, माझं ऐकू नका. परीक्षा नाही, घरात सगळ्यांनी मिळून चाळायचाय, पोरगा पुण्यात आहे, तर टाइम्स. रद्दीही त्याचीच जास्त भरते, हे दाजींनी लगेच हेरलं.

पेपरवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, एक्स्प्रेसच्या माझ्याकडं मोजक्या प्रती येतात, महिना संपायच्या आत सांगा, एक तारखेपासून टाकतो. आणि मराठीबरोबर सहाला मिळणार नाही, दुसऱ्या फेरीत आठला येईल.