‘फुल इन्शुरन्स’ घेऊन दहा महिने झाले: नाशिकमधला माझा अनुभव

आमची गाडी १,१९७ सीसीची पेट्रोल हॅचबॅक, मे २०२२ मध्ये घेतलेली. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा) एकदमच घ्यावा लागतो, त्यामुळे शोरूमने जे दिलं त्यावर सही केली आणि पुढे दरवर्षी एजंट सांगेल तेवढे पैसे भरले. गेल्या मे महिन्यात ती तीन वर्षं संपली आणि पहिल्यांदा सगळं आपल्याला निवडायचं आहे हे लक्षात आलं. एजंट म्हणाला, "वहिनी, फुल इन्शुरन्स करून देतो, काळजीच नको." मी पॉलिसीचा कागद दोनदा वाचला. त्यात ‘फुल’ असा शब्द कुठेच नव्हता.

थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. १,००० ते १,५०० सीसीसाठी मी ३,४१६ रुपये अधिक जीएसटी भरले, आणि कुठल्याही कंपनीत गेले असते तरी तेवढेच लागले असते. म्हणजे तुलना करायची ती फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागाची. एजंटचं कोटेशन माझ्या ऑनलाइन कोटेशनपेक्षा साधारण आठशे रुपयांनी स्वस्त होतं. कारण शोधलं तर आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, खाली आणलेली. तीन वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला ४० टक्के घसारा धरतात, म्हणजे आमच्या आठ लाखांच्या गाडीची आयडीव्ही ४ लाख ८० हजार व्हायला हवी. त्याने ४ लाख १० हजार लावली होती. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर हातात येणारी रक्कम याच आकड्यावर ठरते. आठशे रुपये वाचवायला सत्तर हजार सोडायचे, हे मला अजिबात पटलं नाही.

ॲड-ऑनमध्ये, म्हणजे जादा पैसे देऊन घ्यायच्या कव्हरमध्ये, झिरो डेप घेतलं (बदललेल्या भागांच्या किमतीतून घसारा कापला जात नाही), साधारण २,३०० रुपये जास्त देऊन. पाणी शिरून इंजिन बिघडलं तर उपयोगी पडणारं इंजिन प्रोटेक्टही घेतलं. ऑइल-कूलंटसारख्या वस्तूंचा खर्च देणारं कन्झ्युमेबल सोडलं, क्लेम केला तरी नो क्लेम बोनस (एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) राखणारं एनसीबी प्रोटेक्टही सोडलं. मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघाती कव्हर माझ्या स्कूटरच्या पॉलिसीत आधीच होतं आणि गाडीही माझ्याच नावावर आहे, म्हणून ते पुन्हा घेतलं नाही. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि ते दोनदा पैसे भरतात.

जुलैत द्वारका चौकात मागून एका रिक्षाने बंपरला ठोकलं. डेंटिंग-पेंटिंगचा खर्च ३,८०० रुपये. क्लेम केला असता तर दर क्लेमला आपणच सोसायचे सक्तीचे १,००० वजा जाऊन २,८०० मिळाले असते, पण मेमध्ये मिळणारा ४५ टक्क्यांचा नो क्लेम बोनस गेला असता, म्हणजे चार हजारांच्या घरातलं नुकसान. खिशातून भरले. तेव्हाच्या हिशेबाने ते बरोबरच होतं.

ऑगस्टमध्ये चुलत सासऱ्यांचा दहावा होता. रामकुंडावर सगळे जमले होते, गाडी गौरी पटांगणावर. रात्रभर पाऊस होता आणि गंगापूर धरणातून पाणी सोडणं सुरू होतं. गंगा (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो) वाढतेय हे सकाळपासून दिसत होतं, पण विधी अर्धवट सोडून कोण उठणार? नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पायाला पाणी लागलं तेव्हा आम्ही धावलो. आमच्या गाडीमागे दोन गाड्या लागलेल्या, त्यांचे मालक सापडेनात. पाणी दाराच्या अर्ध्यापर्यंत चढलं. दुपारनंतर ओसरल्यावर धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, एकदा स्टार्ट मारून बघू, लगेच कळेल." मी किल्ली पर्समध्ये टाकली आणि कुणालाच दिली नाही.

यामागचं कारण प्रत्येक नाशिककराला माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. पुराने झालेलं नुकसान साध्या पॉलिसीतही मिळतं, पण पाण्यात शिरलेली गाडी चालू केल्यामुळे इंजिन गेलं तर कंपनी ते आपल्या कृतीने झालेलं नुकसान मानते आणि इंजिन प्रोटेक्ट नसेल तर नाकारते. मी आधी मोबाइलवर चारही बाजूंचे फोटो काढले, पाण्याची रेघ दिसेल असे. मग बॅटरीची वायर काढायला लावली, कंपनीला फोन केला आणि गाडी टोइंगने अंबडच्या वर्कशॉपला नेली.

इथून पुढचा भाग त्रासाचा. नुकसान तपासणारे सर्व्हेअर तिसऱ्या दिवशी आले, माणूस नीट होता, पण मंजुरीला अकरा दिवस लागले. दर दोन दिवसांनी नवा माणूस फोनवर तेच कागद मागायचा. घरात दुःख असताना हे फार जड गेलं. कॅशलेस म्हणून विकताना या अकरा दिवसांबद्दल कुणी बोलत नाही.

एअर फिल्टर ओला निघाला, सिलिंडर कोरडे होते. म्हणजे इंजिन प्रोटेक्टचा एक रुपयाही वापरावा लागला नाही. सीटचा फोम, कार्पेट, दाराचे पॅड, वायरिंग, सेन्सर मिळून बिल झालं ६३,८५०. कंपनीने ५८,२०० दिले. मी ५,६५० भरले: १,००० सक्तीचे आणि ४,६५० इंजिन ऑइल, गिअर ऑइल, कूलंट, ग्रीस, क्लिपा यांचे, कारण कन्झ्युमेबल मी सोडलं होतं. बिलात प्लॅस्टिक-रबरचे भाग १९,००० चे होते. त्यांच्यावर एरवी निम्मी कपात होते, म्हणजे एकट्या झिरो डेपने साडेनऊ हजार वाचवले.

रोडसाइड असिस्टन्स एकदाच लागलं, इगतपुरीजवळ बॅटरी उतरली तेव्हा. सव्वा तासात आले. ठीक.

नो क्लेम बोनस मात्र गेला. जुलैत जपला आणि ऑगस्टमध्ये शून्य झाला, याची हळहळ अजून आहे. एनसीबी प्रोटेक्ट तेव्हाच घ्यायला हवं होतं. आता मेमध्ये ते घेऊन उपयोग नाही, राखायला बोनसच उरलेला नाही.

नूतनीकरण याच कंपनीकडे करणार आहे, कारण अंबडचं वर्कशॉप त्यांच्या यादीत आहे आणि तिथलं काम चोख झालं. झिरो डेप आणि इंजिन प्रोटेक्ट ठेवणार, कन्झ्युमेबल वाढवणार, आयडीव्हीचा आकडा स्वतः टाकणार. पंचवटीत राहणाऱ्या नणंदेची पॉलिसी पुढच्या महिन्यात संपतेय. तिची गाडी नदीपासून दोन गल्ल्यांवर उभी असते आणि तिच्या कागदावर इंजिन प्रोटेक्ट नाही. या रविवारी तिच्याकडे जाऊन आम्ही दोघी तो कागद घेऊन बसणार आहोत.