नसेचा फोटो की ओसीटी? एका निपाणीकराचा हिशेब

आप्पांचा काचबिंदू, म्हणजे डोळ्याची नस हळूहळू मरण्याचा आजार, कळला तेव्हा त्यांचा उजवा डोळा गेलेलाच होता. मोतीबिंदू पिकतोय, पिकला की काढू, असं म्हणत आम्ही घरातल्यांनी दोन वर्षं घालवली होती. सख्ख्या नात्यात हा आजार असला की पुढच्यांना धोका जास्त, म्हणून चाळिशीनंतर मी आणि थोरला भाऊ दरवर्षी डोळे दाखवतो. तुमच्याही घरात असं कुणी असेल, तर डोळ्यातलं प्रेशर बघून झाल्यावर हा प्रश्न येणारच: दरसाल ओसीटी, म्हणजे पडद्याचे थर मोजणारं प्रकाशाचं स्कॅन, करायची, की पडद्याचा आणि नसेच्या तोंडाचा फोटो पुरे?

भाऊ ओसीटीवाला, मी फोटोवाला. जेवताना वाद होतात.

भावाची बाजू भक्कम आहे, ती आधी सांगतो. फोटोतला कप, म्हणजे नसेच्या तोंडातला खळगा, मोठा झालाय का, हे बघणाऱ्याच्या नजरेवर असतं. नसेच्या तोंडाच्या मानाने तो केवढा, हे एक डॉक्टर ०.५ लिहितात, दुसरे ०.६. ओसीटी नसेभोवतीचा तंतूंचा थर मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजून हातात आकडा देते. डोळ्याच्या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. त्यांतले बरेच मेले तरी फील्ड टेस्ट, म्हणजे आजूबाजूचं किती दिसतं याची तपासणी, चांगली येऊ शकते. थर पातळ होतोय हे ओसीटीवर त्याआधी दिसू शकतं. शिवाय बहुतेक वेळा बाहुली मोठी करायचे ड्रॉप्सही लागत नाहीत.

ड्रॉप्स हे फोटोचं दुखणं. बिनड्रॉप्सचे कॅमेरे आहेत, पण माझ्या बाहुल्या बारीक, फोटो काळपट येतो. एकदा ड्रॉप्स घालून भर दुपारी बेळगावच्या स्टँडवर उभा होतो. कन्नड पाटी मला एरवी वाचता येते. त्या दिवशी मराठीही वाचता आली नसती. कंडक्टरला विचारून चढलो, तर जागा डावीकडच्या खिडकीत. तवंदी घाट उतरेपर्यंत ऊन सुईसारखं टोचत होतं. तेव्हापासून पिशवीत काळा चष्मा असतो आणि मोटारसायकल घरी.

तरी मी फोटोकडे का वळलो? निपाणीच्या माणसाला बेळगावही जवळ आणि कोल्हापूरही, म्हणून.

बेळगावला पहिल्या दोन वर्षी उजव्या डोळ्याचा आकडा ९३ आणि ९२ आला. तिसऱ्या वर्षी लेकीकडे कोल्हापूरला गेलो होतो, म्हटलं इथंच उरकून घेऊ. आकडा आला ८४, आणि एका भागाची हिरवी, म्हणजे ठीक असलेली पट्टी पिवळी, म्हणजे संशयाची. रात्रभर एक डोळा झाकून कॅलेंडरवरच्या तारखा वाचत बसलो. बेळगावच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून पहिला प्रश्न विचारला, “मशीन तेच होतं का?” वेगवेगळ्या कंपन्यांची मशीन थराची कड आपापल्या पद्धतीने धरतात, त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याशी लावायचा नसतो. जुन्या मशीनवर पुन्हा केली, ९२ आला. पैसे गेले, पण झोप परत आली.

पुढच्या वर्षी मुद्दाम त्याच दवाखान्यात गेलो, तर जुनं मशीन काढून दुसऱ्या कंपनीचं बसवलेलं. आकडा ९९! नस वर्षभरात जाड झाली की काय, असं मी विचारलंसुद्धा. उत्तर मिळालं, “आता हाच पहिला आकडा धरू.” म्हणजे इतक्या वर्षांची पाटी पुसून पुन्हा श्रीगणेशा.

भावाची तऱ्हा आणखी वेगळी. त्याला मायनस साडेसातचा चष्मा. मशीन तुलना करतं ती साधारण नंबरच्या निरोगी डोळ्यांशी, म्हणून त्याच्या रिपोर्टवर दरवर्षी लाल रंग येतो आणि डॉक्टर दरवर्षी सांगतात, घाबरू नका. तरीही तो ओसीटीवाला, बघा की!

फोटोला मशीनचं एवढं सोयरसुतक नसतं. माझ्या मोबाइलवर पाच वर्षांचे फोटो आहेत, दोन गावांतले, दोन कॅमेऱ्यांचे. रंग थोडे वेगळे येतात, पण नसेच्या तोंडाशी कडेची गुलाबी किनार किती रुंद आणि रक्तवाहिनी कुठं वळते, हे डॉक्टर शेजारी शेजारी लावून बघतात. किनारीवर कधी रक्ताची बारीक रेघ उमटते. ती धोक्याची खूण असते आणि ओसीटीच्या आकड्यात ती सापडत नाही. फोटो मागून घ्याच. व्हॉट्सॲपवर घेताना डॉक्युमेंट म्हणून घ्या, नाहीतर बारीक तपशील पुसट होतो.

अर्थात माझं सगळ्यांना लागू पडेल असं नाही. मोतीबिंदू असेल तर फोटो धुरकट येतो. डोळ्याचा कोन, म्हणजे आतलं पाणी बाहेर जायची वाट, अरुंद असेल तर ड्रॉप्सनी प्रेशर एकदम चढू शकतं, म्हणून कोन तपासल्याशिवाय घालून घेऊ नका. आणि प्रेशर २१ च्या आत आहे म्हणून दोन्ही टाळू नका; तेवढ्यातही काचबिंदू होतो.

एकच दवाखाना, एकच मशीन दहा वर्षं मिळणार असेल आणि चष्म्याचा नंबर कमी असेल, तर भावाचं ऐका. पण आमच्यासारखं कधी बेळगाव, कधी कोल्हापूर, कधी मिरज असं चालत असेल, तर पहिल्या वर्षी दोन्ही करा आणि मग फोटो चुकवू नका. ओसीटी डॉक्टर म्हणतील तेव्हा. यंदा माझी पाळी श्रावणात आहे, ढग असतील. परतीच्या बसमध्ये उजवीकडची खिडकी मिळाली म्हणजे झालं.