ए लेव्हल केमिस्ट्रीसाठी परीक्षकांचे अहवाल: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

पूर्वपरीक्षेत बेंझीनच्या नायट्रेशनला भाचीला चारपैकी एक मार्क मिळाला, तिथून हे सगळं सुरू झालं. अभिक्रिया तिला येत होती. संहत नायट्रिक आणि संहत सल्फ्युरिक आम्ल, त्यातून तयार होणारा नायट्रोनियम आयन, तापमान, सगळं बरोबर लिहिलेलं होतं. पेपरवर शेरा एवढाच की बाण, म्हणजे अभिक्रियेत इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात हे दाखवणारे, चुकले. "मावशी, बाण तर काढलेत की मी," असं म्हणून तिने पेपर माझ्यापुढे टाकला. बाण होतेच. कुठे चुकले हे सांगायला मात्र शाळेत कोणाला सवड नव्हती.

ज्यांच्या घरी केंब्रिजची ए लेव्हल चालू आहे, त्यांना ९७०१ (केंब्रिजच्या केमिस्ट्रीचा विषय क्रमांक) म्हणजे काय आणि पाच पेपर कोणते हे सांगायला नको. मुलांनी कुठे काय चुकवलं यावर परीक्षा झाल्यावर परीक्षकांचे अहवाल असतात हेही बहुतेकांनी ऐकलेलं असतं. उघडून वाचणारे थोडे, आणि वाचून पुन्हा बंद करणारे जास्त. पहिले काही आठवडे माझंही मत चांगलं नव्हतं. 'बऱ्याच विद्यार्थ्यांनी हा प्रश्न चांगला सोडवला', 'काहींना कारण नीट मांडता आलं नाही', अशी वाक्यं पानंच्या पानं. चांगला सोडवला म्हणजे काय लिहिलं? काहींना म्हणजे किती जणांना? आकडा नावाला नाही. शंभरातले दहा चुकले की सत्तर, हे कळल्याशिवाय कुठे किती वेळ घालवायचा ते ठरवणार कसं? ही तक्रार आजही कायम आहे.

बाकीचं मत मात्र बदललं, आणि ते पेपर १ मुळे. हा चाळीस बहुपर्यायी प्रश्नांचा पेपर. अहवालात सगळ्या प्रश्नांवर टिप्पणी नसते, पण जे प्रश्न मुलांना जड गेले त्यांतल्या काहींबद्दल सर्वांत जास्त निवडलेला चुकीचा पर्याय कोणता, हे दिलेलं असतं. ही फार मोलाची गोष्ट आहे. भाचीने चुकवलेले प्रश्न त्याच्याशी ताडून पाहिले, तर बऱ्याच ठिकाणी तिचा पर्याय तोच निघाला. त्या पर्यायापर्यंत मूल कसं पोचतं हे उलट दिशेने शोधत गेलं की गैरसमज आपोआप हाती लागतो. मोलचं गुणोत्तर लावायचं राहिलं, घनसेंटिमीटरचे घनडेसिमीटर केले नाहीत, असलंच काहीतरी असतं.

मग वाचायची पद्धत बदलली. नुसता अहवाल वाचायचा नाही. आधी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवायची, मग मार्किंग स्कीम (कोणत्या उत्तराला किती मार्क याची यादी) लावून मार्क द्यायचे आणि जिथे मार्क गेले तेवढ्याच प्रश्नांवरचा अहवाल वाचायचा. तिन्ही कागद एकाच सत्राचे आणि एकाच व्हेरिएंटचे हवेत. ४१, ४२, ४३ हे पेपर ४ चेच व्हेरिएंट, पण प्रश्नांनी वेगवेगळे पेपर आहेत आणि एकाच फाइलमध्ये प्रत्येकाचा भाग वेगळा असतो. व्हेरिएंट चुकला की भलत्याच प्रश्नाची टीका वाचत बसाल. २०२२ पासून अभ्यासक्रम बदलला, त्यामुळे त्याआधीचे अहवाल वापरताना आताचा अभ्यासक्रम शेजारी उघडा ठेवा.

आता बाणांबद्दल. यावर मी गरजेपेक्षा जास्त लिहिणार आहे, कारण मार्क गळतात ते इथेच. वक्र बाण इलेक्ट्रॉनांच्या जोडीचा प्रवास दाखवतो. म्हणून तो निघायला हवा बंधापासून किंवा लोन पेअरपासून (बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोडीपासून), आणि पोचायला हवा जिथे ती जोडी जाते तिथे. परीक्षकांची याबद्दलची तक्रार सत्रामागून सत्र तीच असते, की बाणाची सुरुवात मोघम आहे. मुलांचं सगळं लक्ष टोकाकडे, शेपटीकडे कोणी बघत नाही. ब्रोमोइथेनवर हायड्रॉक्साइडचा हल्ला दाखवताना भाची ओ आधी, एच नंतर आणि ऋण चिन्ह शेवटी असं लिहायची. बाण त्या चिन्हाजवळून निघायचा, म्हणजे कागदावर तो चक्क हायड्रोजनपासून निघालेला दिसायचा. आता ती एच आधी आणि ओ कार्बनच्या बाजूला लिहिते, ऑक्सिजनवर लोन पेअरचे दोन ठिपके देते आणि बाण त्या ठिपक्यांपासून काढते. दुसरा बाण कार्बन आणि ब्रोमीनमधल्या बंधाच्या मधोमध सुरू होऊन ब्रोमीनवर संपतो. बस, एवढंच. रसायनशास्त्र काडीचंही बदललेलं नाही, पण मार्क मिळतात.

बेंझीनमध्ये आणखी एक खाच आहे. पहिला बाण वलयाच्या आतल्या वर्तुळापासून नायट्रोनियमच्या नायट्रोजनकडे. मधल्या अवस्थेत वलयातलं वर्तुळ तुटून घोड्याच्या नालेच्या आकाराचं होतं. त्या नालेने पाच कार्बन व्यापायला हवेत आणि तिचं उघडं तोंड हायड्रोजन आणि नायट्रो गट असलेल्या कार्बनकडे हवं. धन चिन्ह नालेच्या आत. भाचीची नाल तीनच कार्बनांपुरती होती आणि धन चिन्ह त्या चार बंधांच्या कार्बनवर बसलं होतं. शेवटचा बाण कार्बन आणि हायड्रोजनमधल्या बंधापासून वलयात परत यायला हवा, तिने तो हायड्रोजनच्या अक्षरापासून काढला होता. तीन मार्क गेले ते या तीन गोष्टींत. 'बाण चुकले' या दोन शब्दांत यातलं काय कळणार होतं?

अहवालाचं मोठं वैगुण्य मला इथेच दिसतं. बाण कुठून निघायला हवा हे तो शब्दांत सांगतो. चित्र नसतं. यावर उपाय सापडला तो केंब्रिजच्याच 'एक्झाम्पल कँडिडेट रिस्पॉन्सेस' या पुस्तिकांमध्ये. त्यांत विद्यार्थ्यांची खरी उत्तरं आणि शेजारी परीक्षकाचे शेरे असतात. हे हाती आलं त्या दिवशी मला मनापासून आनंद झाला. दुसऱ्या मुलाने हाताने काढलेली आकृती आणि तिला मार्क का मिळाला किंवा का नाही मिळाला याचं कारण एकाच पानावर! यातलं बरंच साहित्य आणि जुने अहवाल शिक्षकांच्या लॉगिनमध्ये असतात. शाळेकडे मागा, नाही म्हटलं तर पुन्हा मागा.

स्पष्टीकरणाच्या प्रश्नांत एक उदाहरण सांगते. संक्रमण धातूंची संयुगं रंगीत का असतात? भाचीचं उत्तर, इलेक्ट्रॉन वर जातो, खाली येताना प्रकाश बाहेर टाकतो. ही ज्योत परीक्षेची गोष्ट झाली. इथे धातूची डी ऑर्बिटल्स (इलेक्ट्रॉनांच्या जागा) दोन ऊर्जा पातळ्यांत विभागली जातात, इलेक्ट्रॉन दृश्य प्रकाशातला काही भाग शोषून वरच्या पातळीवर जातो आणि जो प्रकाश शोषला गेला नाही त्याचा, म्हणजे पूरक, रंग दिसतो. कॉपर सल्फेटचं द्रावण निळं दिसतं कारण त्यातला तांबूस भाग शोषला जातो. उत्सर्जनाचा उल्लेख केला की आधी लिहिलेलं बरोबर वाक्यही धोक्यात येतं. अशा जोड्या अहवालांत वारंवार भेटतात. उकळताना आंतररेण्वीय बल तुटतं की सहसंयुज बंध, ही दुसरी. या जोड्यांसाठी आम्ही एक वेगळी वही केली आणि परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायला तीच ठेवणार आहोत.

आकडेमोडीत मधेच पूर्णांकन करू नका, हे सगळेच सांगतात. का, हे करून दाखवल्यावर पटतं. ०.१० मोलर इथेनॉइक आम्ल, विचरण स्थिरांक १.७५ गुणिले १० चा उणे ५ वा घात. हायड्रोजन आयनांची संहती कॅल्क्युलेटरमध्ये तशीच ठेवली तर पीएच २.८८ येतो. ती मधेच १.३ गुणिले १० चा उणे ३ वा घात अशी लिहून पुढे गेलात तर २.८९. मार्किंग स्कीममध्ये जिथे ईसीएफ (एरर कॅरीड फॉरवर्ड) लिहिलेलं असतं तिथे आधीच्या चुकीची शिक्षा पुढे भोगावी लागत नाही, पण हे पूर्णांकन आपल्या हातातलं आहे, ते कशाला कोणाच्या दयेवर सोडायचं?

प्रयोगाच्या पेपर ३ साठी अहवाल एकदा वाचला तरी पुरतो. ब्युरेटचं वाचन ०.०५ घनसेंटिमीटरपर्यंत, शेवटचा अंक शून्य किंवा पाच, सुरुवातीचं आणि शेवटचं वाचन दोन्ही नोंदवलेली, एवढं अंगवळणी पडलं की झालं. पेपर ५ ला मात्र मला अहवालांचा फारसा उपयोग झाला नाही. तिथे प्रयोगाचा आराखडा स्वतः लिहून कोणाकडून तरी तपासूनच घ्यावा लागतो.

आता पैशांचं. एका ऑनलाइन क्लासने परीक्षकांच्या अपेक्षा सांगणाऱ्या नोट्स आमच्या गळ्यात मारल्या होत्या. उघडून बघते तर याच अहवालांतली वाक्यं, फक्त प्रश्न क्रमांक आणि सत्र काढून टाकलेलं. म्हणजे वाक्य आहे, पण ते कोणत्या प्रश्नाबद्दल आहे हेच माहीत नाही! ज्याचा उपयोग होता तेवढंच नेमकं गाळलं आणि उरलेलं विकलं. मी पैसे परत मागितले, अजून उत्तर आलेलं नाही. मुलाच्या अभ्यासावर खर्च करायला आपण मागेपुढे पाहत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, आणि याचाच मला संताप येतो.

पाचपैकी तारे द्यायचे तर मी तीन देईन, पुस्तिकांसकट वापरलं तर चार. ज्या मुलाचा अभ्यासक्रम अजून निम्माच झालाय त्याला हे आत्ता देऊ नका, नुसत्या चुका वाचून ते बिचकेल. धडे एकदा संपले, दोनतीन जुने पेपर हाताखालून गेले, की द्या. आणि मेकॅनिझमचा, म्हणजे बाणांनी अभिक्रिया दाखवायचा, प्रश्न तपासताना मार्किंग स्कीम उघडण्याआधी प्रत्येक बाणाची शेपटी पेन्सिलने गोल करून बघा, कुठे पडते आहे ती.