एमुलेटरचा डिबगर, आठ महिन्यांनंतर: वॉचपॉइंटने रडवलं, मग मीच पाना घेऊन बसलो

गेम खेळायला एमुलेटर (दुसऱ्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) कसा आहे एवढंच बघायला आला असाल तर उत्तर एका ओळीत देतो. मस्त आहे, फुकट आहे, माझ्या आठ वर्षं जुन्या लॅपटॉपवर सुसाट चालतो, डाउनलोड करा आणि खेळा. पुढचं सगळं डिबगरबद्दल, म्हणजे चालू प्रोग्राम थांबवून आत डोकवायच्या सोयीबद्दल, आहे आणि त्यातलं निम्मं एकाच गोष्टीबद्दल आहे, त्यामुळे कंटाळा आला तर माझ्या नावाने बोटं मोडू नका.

नाव मुद्दाम लिहीत नाही. नोकरी-बिकरी सांभाळून रात्री फुकटात काम करणारी तीन-चार माणसं आहेत आणि खाली मी बऱ्यापैकी कुरकुर केली आहे. निन्टेंडोच्या गेम बॉय ॲडव्हान्स या हातात धरून खेळायच्या मशीनचा एमुलेटर, आत जीडीबी या फुकट डिबगरला जोडायची सोय, एवढं पुरे.

मी त्यावर लगोरीचा गेम करतोय. हसू नका. २००१ चं मशीन, आपल्याकडे कोणी बघितलंसुद्धा नव्हतं, आमच्याकडे टीव्हीला जोडायचा तो डबा आणि फुंकर मारून लावायची कॅसेट एवढंच. पण सी मध्ये लिहिता येतं, डेव्हकिटएआरएम हे कंपायलरचं किट फुकट मिळतं, जीबीएटेक नावाचं डॉक्युमेंट इतकं तपशीलवार आहे की चिपचा अख्खा पंचनामाच, आणि स्क्रीन २४० बाय १६० ची, म्हणजे माझ्यासारख्या चित्रकलेत काठावर पास झालेल्यालाही परवडते. खरं मशीन विकत घेतलेलं नाही. जुनं मशीन, वर स्वतःचा गेम भरायची फ्लॅश कार्ट, वर कुरियर, एवढे पैसे लगोरीत घालायची माझी तयारी नाही. त्यामुळे एमुलेटर हेच माझं मशीन, आणि त्याचा डिबगर हेच आत बघायचं एकमेव भोक.

पहिले दोन महिने खरंच प्रेमात होतो. एमुलेटर चालू करा, दुसऱ्या खिडकीत जीडीबी, पोर्ट जोडा, फंक्शनच्या नावावर ब्रेकपॉइंट टाका, गेम तिथे येऊन बरोब्बर थांबतो. आणि सेव्ह स्टेट, म्हणजे त्या क्षणीच्या अख्ख्या मशीनची प्रत! गडबड व्हायच्या चार सेकंद आधीची स्टेट ठेवली की तीच गडबड, त्याच फ्रेमला, पन्नास वेळा बघता येते. ऑफिसात आम्ही जे बिलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळतो त्यात ही सोय असती तर मी आतापर्यंत दोन प्रमोशनं घेतली असती.

तेव्हा एक तक्रार होती, व्हेरिएबल बघायला गेलं की 'ऑप्टिमाइज्ड आउट' यायचं, आणि मी एका मित्राला सांगून मोकळा झालो की डिबगर अर्धवट आहे. चूक माझी होती. कंपायलरला ओ-टू (वेगासाठी कोड पिळून काढणारी सेटिंग) लावून ठेवलं होतं, ओ-जी (डिबगरला सोयीची) केल्यावर सगळं दिसायला लागलं. एकदा तर रॉम (म्हणजे तयार गेमची फाइल) नवा आणि जीडीबीला दिलेली ईएलएफ फाइल (फंक्शनांची नावं आणि पत्ते असलेली) कालची, त्यात एक अख्खा रविवार गेला. हे आधीच कबूल करून टाकतो, नाहीतर खाली मी जे बोलणार आहे त्याला वजन राहणार नाही.

तिसऱ्या महिन्यात अपडेट आलं. स्पीड वाढला म्हणे, आणि वाढला होता खरा. पण ब्रेकपॉइंट लागला की जीडीबी 'ब्रेकपॉइंट वन' म्हणायचं सोडून नुसतं 'सिगट्रॅप आला' (म्हणजे थांबलो, पण कशासाठी ते माहीत नाही) म्हणायचं, ओळ दाखवायचं पुढचीच, आणि कंटिन्यू केलं की गाडी तिथल्या तिथे, परत सिगट्रॅप. दहा वेळा कंटिन्यू, दहा वेळा तिथेच. मांजर दाराशी बसतं ना, आत पण येत नाही आणि बाहेर पण जात नाही, तसं.

रिपोर्ट टाकला. पाच दिवसांनी उत्तर आलं, भावार्थ असा की डिबगर फारसं कोणी वापरत नाही, आमच्याकडे वेळ नाही, दुरुस्तीचा कोड म्हणजे पॅच पाठवलात तर बघू, तोवर लॉग छापून काम भागवा. माझी सटकलीच. लॉग छापून काम भागत असतं तर रात्री साडेअकराला जीडीबी लावून कोण बसलं असतं? त्याच रागात दोन स्टार देऊन मी एक भलामोठा रिव्ह्यू लिहिला होता. पोस्ट केला नाही, कारण तेवढ्यात लाइट गेली. बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी सोर्स उघडला. फुकटची वस्तू बिघडली की दुकानदार शोधत बसण्यात अर्थ नसतो, स्वतःच खोलायची. आणि गंमत म्हणजे बिघाड समजायला सोपा निघाला. या मशीनचा प्रोसेसर एआरएम सेव्हन. त्याला पाइपलाइन आहे, म्हणजे एक इन्स्ट्रक्शन चालू असताना पीसी रजिस्टर (कोडमध्ये कुठे आहोत तो पत्ता ठेवणारा) आधीच पुढे गेलेला असतो, एआरएम मोडमध्ये (इन्स्ट्रक्शन ४ बाइटची) ८ बाइट पुढे, थम्ब मोडमध्ये (इन्स्ट्रक्शन २ बाइटची) ४. जीडीबीला हवा असतो खरा पत्ता, पाइपलाइनचा नाही. आधीच्या कोडमध्ये कुठेतरी ही वजाबाकी व्हायची, स्पीडसाठी तो भाग नव्याने लिहिताना ती गळली. गेमला काही फरक पडला नाही, खेळणाऱ्याला कळलं नाही. फक्त जीडीबीला वाटायचं की मी तर इथे ब्रेकपॉइंट टाकलाच नव्हता, मग त्याला ओलांडायची काळजी कशाला घेऊ, आणि तो सरळ 'चालू दे' म्हणून सांगायचा. एमुलेटर मागच्या खऱ्या पत्त्यावरून निघायचा आणि त्याच ब्रेकपॉइंटवर पुन्हा आपटायचा.

मी शहाणपणा करून ४ वजा केले. चाललं! दोन दिवस कॉलर ताठ. मग लगोरी फुटल्यावर ठिकऱ्या उडवणाऱ्या फंक्शनवर थांबलो आणि परत तोच तमाशा. कारण कार्ट्रिजची बस (डेटा ये-जा करायची वाट) १६ बिटची, म्हणून रॉममधला कोड आपण थम्बमध्ये ठेवतो, पण जिथे वेग लागतो तो कोड आतल्या ३२ केबी रॅममध्ये एआरएममध्ये ठेवतो, तिथली बस ३२ बिटची. म्हणजे एकाच गेममध्ये दोन्ही मोड. कुठला मोड चालू आहे ते सांगणारा सीपीएसआर रजिस्टरमधला टी बिट बघून कधी ४ आणि कधी ८ वजा करायचे, असं सुधारून पॅच पाठवला, आणि तो चक्क दुसऱ्याच दिवशी घेतला. वर 'थँक्स'. दोन स्टारवाला रिव्ह्यू डिलीट केला.

आता मुख्य दुखणं, म्हणजे मेमरीतल्या एखाद्या पत्त्यावर कोणी लिहिलं की गेम थांबवणारा पहारेकरी. वॉचपॉइंट.

गेममध्ये मधूनच सातच्या सात ठिकऱ्या गायब व्हायच्या. चेंडू जागेवर, पोरं पळतायत, मध्ये लगोरीच नाही. स्प्राइटचा (स्क्रीनवरच्या सुट्या चित्रांचा) तक्ता मी रॅममध्ये ठेवतो आणि दर व्हीब्लँकला (दोन फ्रेममधल्या मोकळ्या वेळात) खऱ्या ओएएममध्ये (चिप स्प्राइट जिथून वाचते त्या मेमरीत) कॉपी करतो, सगळे तसंच करतात. तर मी पहिल्या ठिकरीच्या पत्त्यावर वॉचपॉइंट टाकला, म्हटलं कोण लिहितंय ते बघू. ठिकऱ्या गायब. वॉचपॉइंट गप्प. मेमरी वाचली तर किंमत बदललेली, पण थांबला कोणीच नाही! परत केलं. परत तेच. हाताने, डोळ्यादेखत, स्वतःच्या कोडमधून तिथे शून्य लिहून बघितलं, तर लगेच थांबला. म्हणजे वॉचपॉइंट चालतोय, आणि तरी चोर त्याच्यासमोरून जातोय.

साधारण तीन आठवडे मी याच्यावर काढले. सी मधली प्रत्येक ओळ चाळली, पॉइंटरवर संशय, स्टॅकवर संशय, शेवटी कंपायलरवर संशय (कंपायलरवर संशय यायला लागला की माणसाने झोपावं). मग एक जुनाट उपाय केला. जीडीबीला सांगता येतं की हार्डवेअर वॉचपॉइंट (इथे म्हणजे एमुलेटरचा) वापरू नकोस. मग तो एक-एक इन्स्ट्रक्शन चालवतो आणि प्रत्येकीनंतर किंमत बदलली का ते बघतो. एका फ्रेमचे प्रोसेसरचे २,८०,८९६ सायकल (ठोके), आणि प्रत्येक पावलाला सॉकेटवरून ये-जा. माझ्याकडे फ्रेमला जवळपास दोन मिनिटं लागत होती. गडबड सेव्ह स्टेटनंतर चार सेकंदांनी, म्हणजे २४० फ्रेम, म्हणजे आठ तास. लावलं आणि झोपलो.

रात्री अडीचला लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच मेली आहे, बदलली नाही, प्लगवर चालतंय की. सकाळी काळी स्क्रीन. आई म्हणाली, "रात्रभर तो पंखा घुर्र घुर्र करत होता, बिल कोण भरणार? आणि एवढं करून झालं काय?" काय सांगणार.

दुसऱ्या रात्री सापडलं. सकाळी सहाला चहाचा कप घेऊन बघतो तर जीडीबी थांबलेला, जुनी किंमत, नवी किंमत, आणि ओळ कुठली, तर वेळेची पट्टी काढताना मी डीएमए चालू करतो ती! डीएमए म्हणजे प्रोसेसरला बाजूला बसवून थेट मेमरी टु मेमरी कॉपी. पट्टीच्या ३२ टाइल (छोटे चौकोनी तुकडे), प्रत्येकीची नोंद २ बाइट, म्हणजे ६४ बाइट. मी संख्या दिली ३२, ती बरोबर, पण मोड दिला ३२ बिटचा, आणि डीएमएची संख्या बाइटमध्ये नसते, युनिटमध्ये असते. ३२ युनिट गुणिले ४ बाइट, १२८ बाइट कॉपी झाले. जादाचे ६४ बाइट कुठे गेले, तर शेजारीच स्प्राइटचा तक्ता. एका स्प्राइटला ८ बाइट, म्हणजे आठ स्प्राइट पुसले गेले. सात ठिकऱ्या आणि चेंडू. चेंडू मी दर फ्रेमला नव्याने लिहितो म्हणून तो वाचला, ठिकऱ्या बिचाऱ्या एका जागी उभ्या म्हणून गेल्या. माझीच चूक, सगळी माझीच. एका शब्दाची दुरुस्ती.

पण वॉचपॉइंट का गप्प बसला? तर या एमुलेटरमध्ये डिबगर जोडला की प्रोसेसरची वाचायची-लिहायची फंक्शनं बदलून तिथे तपासणीवाली फंक्शनं लावतात. स्पीडसाठी चांगली युक्ती, डिबगर नसेल तेव्हा खर्च शून्य. पण डीएमए प्रोसेसरच्या दारातून येतच नाही, तो मागच्या दाराने थेट मेमरीत. वॉचमन पुढच्या गेटवर, आणि सिलेंडरवाला वर्षानुवर्षं मागून येतोय, कोणी विचारलंच नाही. आणि हे कुठेही लिहिलेलं नव्हतं!! माझा राग त्याच्यावर आहे. सोय नसली तर नसू दे, मी फुकट वापरतोय, पण 'डीएमएचं लिहिणं पकडत नाही' अशी एक ओळ असती तर माझे तीन आठवडे आणि दोन रात्रींची वीज वाचली असती.

मग तेही मीच केलं. पहिला पॅच नाकारला, कारण डीएमएच्या प्रत्येक युनिटला तपासणी टाकली होती आणि गेम रांगायला लागले. चिडलो, पण त्यांचं बरोबर होतं. मग असं केलं: डीएमए सुरू होतानाच कुठून कुठपर्यंत लिहिणार हे माहीत असतं, तेव्हा ती रेंज वॉचपॉइंटच्या यादीशी एकदाच ताडून बघायची, तीही डिबगर जोडला असेल तरच. जीडीबीला उत्तर पाठवताना नुसतं 'थांबलो' म्हणून भागत नाही, कुठल्या पत्त्यासाठी थांबलो तेही पाठवावं लागतं, नाहीतर तो परत नुसतं सिगट्रॅप म्हणून तोंड फिरवतो. ते विसरलो होतो, त्यात एक आठवडा. शेवटी घेतला पॅच.

तेव्हापासून डिबगरचे रिपोर्ट आले की मला टॅग करतात. पगार नाही, मान आहे, तोही बेताचाच. आता कळतंय की पाच दिवसांनी दोन ओळींचं उत्तर का यायचं. कालच एकाने लिहिलंय 'व्हेरिएबल दिसत नाहीत, डिबगर अर्धवट आहे', आणि त्याला ओ-टू की ओ-जी हे विचारायला मला पण तीन दिवस लागले.

एक पायथनची स्क्रिप्ट करून ठेवली आहे. पोर्टला जोडते, पॅकेट पाठवते, एका छोट्या रॉमवर थम्बमध्ये थांबून बघते, एआरएममध्ये थांबून बघते, डीएमएला वॉच लावते, कंट्रोल-सी पाठवते (तो पॅकेटमध्ये नसतो, नुसता एक बाइट येतो, आणि दर अपडेटला कोणीतरी तो वाचायचा विसरतं). बारा तपासण्या, अर्ध्या मिनिटात होतात. खेळणारे हजारो जण स्पीड कमी झाला की लगेच ओरडतात, डिबगर मेला तर कुत्रं विचारत नाही, म्हणून ही.

अजून काय बाकी आहे? आरसे. आतली ३२ केबी रॅम पुढे पूर्ण रेंजभर परत परत दिसते. इंटरप्ट आला की चालवायच्या फंक्शनचा पत्ता आपण ठेवतो ०३००७एफएफसीला, बायोस (मशीनमधला कायमचा कोड) तो वाचतो ०३एफएफएफएफएफसीवरून, जागा एकच, नावं दोन. वॉचपॉइंट एका नावावर लावला तर दुसऱ्या नावाने केलेलं वाचन-लिहिणं निसटतं. करतोय ते, दिवाळीपर्यंत होईल.

स्टार म्हणाल तर साडेतीन. अर्धा कापलाय तो डीएमएच्या त्या न लिहिलेल्या ओळीसाठी, आणि एक आरशांसाठी, आरसे झाले की परत देईन. बॅटरी अजून घेतलेली नाही.

परवा नवं अपडेट आलं, स्क्रिप्ट चालवली, बारापैकी अकरा पास. नापास झालेली तपासणी उघडून बघितली तर बिघाड माझ्याच मागच्या पॅचमध्ये.