सुटी प्लेट की हायड्रॉलिक लेव्हलर?

उरण परिसरात कंटेनर रिकामे करणारे छोटे गोदाम चालवणाऱ्या मित्राने विचारले, की फलाट आणि ट्रेलर यांच्यातील फटीवर सुटी लोखंडी प्लेट टाकावी, की पक्का हायड्रॉलिक लेव्हलर, म्हणजे फलाटातच बसवलेला आणि तेलाच्या दाबाने वर-खाली होणारा छोटा पूल, बसवावा.

खर्चात प्लेट कितीतरी स्वस्त पडते. लेव्हलरसाठी फलाटात खड्डा आणि विजेची जोडणी लागते.

पडण्याचा धोका मात्र नीट पाहायला हवा. फोर्कलिफ्ट आत जाऊन ब्रेक लावते, तेव्हा ट्रेलर प्रत्येक फेरीत किंचित पुढे सरकू शकतो. प्लेटची कड बोटभरच टेकलेली उरते आणि पुढच्या फेरीत प्लेट, यंत्र व माणूस एकदमच खाली जातात. शिवाय जड प्लेट वाकून ओढणारा हमाल उघड्या कडेवरच उभा असतो. लेव्हलरची जीभ, म्हणजे पुढची बिजागरीवरची पट्टी, ट्रेलरवर बरीच आतपर्यंत टेकते आणि ती हाताने उचलावी लागत नाही. तरीही ट्रेलर सरकणे दोन्हींपैकी कोणीच थांबवत नाही. चाकांना ठोकळे हवेतच, आणि चालकाची किल्ली काम संपेपर्यंत गोदामात ठेवलेली बरी.

देखभालीत लेव्हलर मागे पडतो, कारण खाऱ्या हवेने बिजागऱ्या गंजतात आणि पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते. प्लेट ओली झाली की घसरते, म्हणून ती खरखरीत पृष्ठभागाचीच घ्यावी.

दिवसाला एखाददुसरी गाडी आणि हातगाडीवरचा माल असेल, तर सरकू नये म्हणून खाली अडकण असलेली प्लेट पुरेशी आहे. रोज फोर्कलिफ्ट आत जात असेल, तर लेव्हलरच घ्यावा.